कापलेला दोर

इटालियन बोलभाषेत 'तालियारे ला कोर्दा' असे म्हणतात. शब्दशः अर्थ दोर कापणे. वापरातला अर्थ, कोणाच्या लक्षात येण्याआधी सटकणे. इटालियन शिकणारा मराठी माणूस इथे अडखळतो, आणि तेही शब्द अवघड म्हणून नव्हे, फार ओळखीचे म्हणून. मराठीत दोर कापले की पळणे संपते. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, मावळे मागे फिरू लागले आणि सूर्याजीने गड उतरायचे दोर कापून टाकले, ही गोष्ट शाळेच्या वयातच कानावर पडते. 'परतीचे दोर कापणे' म्हटले की तीच आठवते. एकाच कृतीने इटालियन माणूस निसटतो आणि मावळा उलट फिरून लढतो.

वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर होत नाही, हे सांगायला नको. खटकतो तो त्यावरचा ठरीव तोडगा: वहीच्या डाव्या बाजूला परका वाक्प्रचार, उजव्या बाजूला 'पळून जाणे', मध्ये बरोबरचे चिन्ह. या वहीच्या लेखी सगळे पळणे सारखेच. मराठीत तरी ते कुठे सारखे आहे? धूम ठोकणाऱ्याच्या मागे कोणीतरी लागलेले असते. काढता पाय घेणाऱ्याच्या मागे कोणी नसते. सत्कारातली भाषणे लांबली तरी तो घेता येतो. गाशा गुंडाळणारा सामानसुमानासकट जातो. हातावर तुरी दिल्याची हकीकत पळणाऱ्यापेक्षा पकडणाऱ्याच्या फजितीसाठी सांगितली जाते. पोबारा तर फाशांवरचे दान. हिंदीत 'पौ बारह' झाले की नशीब उघडते. मराठीत पोबारा झाला की माणूसच नाहीसा होतो.

पळण्याचे वाक्प्रचार मुळात दोन जातींचे असतात: पायांचे आणि बंधनाचे. पायांचे शिकायला सोपे. 'आल्त्सारे इ ताक्की' म्हणजे टाचा उचलणे. 'गांबे इन स्पाल्ला', खांद्यावर पाय, हा 'पाठीला पाय लावून पळणे'चा सख्खा भाऊ शोभावा. 'दारसेला आ गांबे' या तिसऱ्यातला 'ला' मात्र छळतो. तो स्त्रीलिंगी 'ती' आहे, पण ती कोण, हे भाषा सांगत नाही. 'मे ला दो आ गांबे' म्हणजे मी धूम ठोकतो. 'से ले दाता आ गांबे' म्हणजे त्याने धूम ठोकली. पळणारा पुरुष असला तरी 'दाता' स्त्रीलिंगीच राहते. इंग्रजीच्या वाटेने इटालियनकडे जाणारा इथे बुचकळ्यात पडतो. मराठी माणसाने पडायचे कारण नाही. 'त्याची टरकली', 'त्याची तंतरली', 'चांगली जिरली' यांत टरकणारी, तंतरणारी, जिरणारी ती कोण, असे मराठीत तरी कोण विचारतो?

बंधनाचे वाक्प्रचार इतके सरळ नाहीत. 'तालियारे ला कोर्दा'च्या उगमाबद्दल एकमत नाही, पण एक उपपत्ती जहाजाच्या दोराची आहे. संकट अंगावर आले की नांगर वर ओढत बसायला वेळ नसतो. दोर तोडायचा, नांगर तळाशी सोडायचा आणि शीड उभारायचे. ही उपपत्ती धरली तर हा वाक्प्रचार रायगडच्या किनाऱ्यावर परका वाटू नये. इटालियन माणसेही इथे नवी नव्हती. बोलोन्याचा लुदोविको दी वार्तेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेला आणि त्याचे प्रवासवर्णन 1510 मध्ये रोममध्ये छापले गेले. हे गृहस्थ निसटण्यात वाकबगार. एडनला हेर समजून कैदेत पडल्यावर त्यांनी वेडाचे सोंग घेतले. पुढे कालिकतहून सटकून कण्णूरला पोर्तुगीजांकडे पोचले. अर्थात ही सारी त्यांचीच हकीकत, तेव्हा दोर किती आणि तिखटमीठ किती, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

यावरून एक सुबक उत्तर सुचते: इटलीचा दोर समुद्रावरचा, मराठीचा कड्यावरचा. समुद्रावर दोर जखडतो, कड्यावर तोच तारतो. रायगड जिल्ह्यात मात्र हे उत्तर टिकत नाही. तानाजींची समाधी याच जिल्ह्यातल्या उमरठला, पोलादपूर तालुक्यात आहे. आणि याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा आहे, ज्यावरचा इंग्रज-पोर्तुगीजांचा संयुक्त हल्ला 1721 मध्ये फसला. कडा आणि दर्या दोन्ही इथल्या माणसांच्या सवयीचे. जंजिऱ्याच्या मोहिमेत लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या, कुमक वेळेवर आली नाही, म्हणून उजाडण्याआधी त्या काढून तो परतला, असे सांगतात. शिवाजी महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, अशी आठवण आहे. त्याच्या परतण्याला कोणी पळणे म्हटले नाही. तरीही नांगराच्या दोराचा किंवा काढलेल्या शिडीचा वाक्प्रचार प्रमाण मराठीत रुजला नाही. रुजला तो सिंहगडाचा. म्हणजे अनुभव दोन्हीकडे होता, पाठ्यपुस्तकापर्यंत पोचलेली गोष्ट एकच होती. त्यातही सगळे वजन 'परतीचे' या विशेषणावर आहे. ते काढले तर मराठी दोरही सुटकेचा होऊ शकतो: गोठ्यातले जनावर दावे तोडूनच पळते. अडखळायला लावते ती भाषा नव्हे, शाळेत ऐकलेली गोष्ट.

'दावे तोडणे' तरीही 'तालियारे ला कोर्दा'च्या जागी चालत नाही. त्यात धुडगूस आहे, चोरपावले नाहीत. कंटाळवाण्या बैठकीतून उठायचे तर 'सटकणे', तरुणांच्या तोंडी 'कल्टी मारणे'. पोलीस पोचण्याआधी चोर गेले असतील तर 'पोबारा'च नेमका, आणि वहीत बरोबरच्या चिन्हापुढे तो लिहिणाऱ्याला तेवढ्यापुरते गुण द्यावे लागतात. उलट दिशेने जाताना अधिक जपावे लागते. सूर्याजीची गोष्ट इटालियनमध्ये सांगताना दोर अनेकवचनी ठेवावे, 'ले कोर्दे', आणि ते उतरायचे होते हेही सांगावे. 'ला कोर्दा' असे एकवचन लिहिले, तर सूर्याजीच सिंहगडावरून पळून गेला, असे इटालियन वाचक समजेल.