ठेंगणेपणाची राखण

टोरांटोतील आमच्या दारापुढे शंकूच्या घाटाचा एक ठेंगणा, सदाहरित ‘ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस’ आहे. ‘याच्याकडे फारसे पाहावे लागत नाही’ अशी त्याची ख्याती. वर्षाकाठी जेमतेम पाच ते दहा सेंटिमीटर वाढणाऱ्या झाडाविषयी असा समज होणे स्वाभाविकच आहे.

१९०४ साली आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक यांना आजच्या अल्बर्टा प्रांतात, लेक लुईजजवळ, पांढऱ्या स्प्रूसची काही खुजी रोपे आढळली. या जातीचा वृक्ष एरवी पंचवीस मीटरही गाठतो. बियांतून हे खुजेपण भरवशाने उतरत नाही. म्हणून ते छाट कलमांनीच राखले गेले. आज देशोदेशींच्या बागांत दिसणारी ही झाडे म्हणजे त्या मूठभर रोपांचाच विस्तार होय.

एका जूनमध्ये आमच्या झाडाच्या कुशीतून एक फांदी वर निघाली. पेरे लांब, सुया जाड आणि विरळ, वाढ इतर फांद्यांच्या कितीतरी पट. पाहुण्यांनी कौतुकाने म्हटले, “झाडाने जीव धरला!” वस्तुतः तो मूळ वृक्ष परतत होता. अशी फांदी राखली, तर यथावकाश ती ठेंगण्या झाडाला झाकोळून टाकते. मी ती बुडापासून छाटली, पण हात कचरला. साऱ्या झाडात सर्वांत सशक्त तीच होती. ती आपल्या धर्मानेच वागत होती. हट्ट होता तो माझा.

कर्तव्याचा उगम आपण बहुधा नात्यात किंवा दिलेल्या शब्दात शोधतो. मला वाटते, निवडीतूनही ते तितकेच निर्माण होते. आपल्या आवडीखातर जे निसर्गक्रमातून बाजूला काढले, मग ते पाळीव जनावर असो वा बांध घालून अडवलेली नदी, त्याला पुढे ‘आता तुझे तू पाहा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. शिवाय अशा सांभाळात कधी दुबळे खुडावे लागते, तर कधी जोमदारही; आणि दुसरे अधिक जड जाते.

या ठेंगण्या झाडाचा सांभाळही असाच नेमाने करावा लागतो. फेब्रुवारीत जमीन गोठलेली असताना ऊन-वाऱ्याने सुयांतले पाणी उडते आणि मुळे ते भरून देऊ शकत नाहीत. तेव्हा दक्षिणेकडे गोणपाटाचा आडोसा करावा, कारण वाळून उघड्या पडलेल्या जुन्या लाकडाला पुन्हा पालवी येत नाही. वसंतात आणि शरदात फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. ठिपके चालू लागले तर कोळी-कीड आली आहे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती धुवावी. ज्यांना एवढी सवड नाही आणि जागा मात्र भरपूर आहे, त्यांनी साधा पांढरा स्प्रूस लावावा आणि त्याला खुशाल उंच होऊ द्यावे.