कॅपचा रंग आणि खरेपणा

धामणगाव रेल्वे हें कापसाच्या बाजारपेठेचें गांव. पांढऱ्या रंगाच्याही किती छटा असतात, हें तेथील व्यापाऱ्यास सांगावयास नको. दंतवैद्यापुढेंही हाच प्रश्न येतो. रूट कॅनाल करून रोगट मज्जा काढली म्हणजे दांत टिकतो; परंतु रक्ताचे अंश त्याच्या सूक्ष्म नळ्यांत झिरपले असल्यास तो काळवंडतो. त्यावर कॅप बसवावयाची, ती कोणत्या रंगाची?

जर्मनीच्या 'व्हिटा' कंपनीची १९५६ सालची सोळा छटांची पट्टी आजही पुष्कळ ठिकाणीं वापरतात. दांत ओला असतांना, दिवसाच्या उजेडांत, ती शेजारच्या दांताशीं ताडून पाहावी. सुकलेला दांत फिकट भासतो.

आतां नव्या वस्तूला मुद्दाम पिवळेपणा देणें हें कोणास ढोंग वाटेल. मला तसें वाटत नाहीं. सुपारी-खर्ऱ्यानें रंगलेल्या दांतांत एकच शुभ्र कॅप त्या तोंडाविषयीं खोटी साक्ष देते. पिवळसर कॅप स्वतःस लपविते खरी. पण त्या माणसाचें वय व संवयी यांविषयीं ती खोटें बोलत नाहीं, आणि ती न ओळखल्यानें पाहणाऱ्याचें कांहींच जात नाहीं. सोन्याचा दांत स्वतःस लपवीत नसे हें खरें. पण त्यांत प्रामाणिकपणापेक्षां ऐपतच अधिक चमके!

शुभ्रतेचाच सोस असेल तर आधीं सारे दांत उजळून घ्यावे आणि मग कॅपचा रंग ठरवावा. मागाहून दांत उजळतील, कॅप उजळत नाहीं.