गळ्यातलं कागदावर

कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधली जुनी स्वरलिपी मोठी मानी होती. स्वर किती चढवायचा, किती उतरवायचा, एवढं ती सांगे. पण तिच्यातल्या काही थोरल्या खुणांत अख्खी स्वरावलीच दडलेली असे, आणि ती उलगडायची कशी हे गुरूच्या गळ्यालाच ठाऊक. शिष्याची वर्षानुवर्षं पाठांतरात जात.

१८१४ मध्ये ख्रिसान्थोस, ग्रिगोरिओस आणि खुर्मुझिओस या तिघा संगीतज्ञांनी हा गुंता सोडवायला घेतला. स्वरांना सुटसुटीत नावं मिळाली : पा, वू, घा, धी, के, झो, नी. ग्रीक वर्णमालेच्या पहिल्या सात अक्षरांवरून ती बेतलेली. (कानाला आपल्या सारेगमची चुलत भावंडं वाटतात, नातं मात्र काही नाही.) मात्रांच्या खुणा नेमक्या झाल्या, दडलेले स्वर उघडे लिहिले जाऊ लागले. १८२० मध्ये बुखारेस्टला या लिपीतली पहिली पुस्तकं छापून निघाली. सिद्धांत मांडला म्हणून नाव जास्त ख्रिसान्थोस यांचं झालं.

मी मात्र खुर्मुझिओस यांच्यापाशी रेंगाळतो. लिपी नवी झाली, पण शतकांचं भांडार जुन्या खुणांतच अडकलेलं. ग्रिगोरिओस यांनीही पुष्कळ उतरवून काढलं, पण १८२१ मध्ये ते गेले. खुर्मुझिओस एकूण अठरा वर्षं लिहीत राहिले. सत्तरच्या आसपास खंड झाले. १८३८ मध्ये जेरुसलेमच्या पॅट्रिआर्केटने ते विकत घेतले आणि दोनच वर्षांनी खुर्मुझिओस वारले.

याला नक्कल म्हणवत नाही. प्रत्येक थोरल्या खुणेपाशी त्यांची लेखणी अडली असणार : माझ्या गुरूंनी ही कशी गायली? दुसऱ्या कुणाच्या गुरूंनी ती निराळीही गायली असेल. शाईत एकच उतरली. आपल्याकडे बंदिशी छापून निघाल्या तेव्हाही जुन्या गवयांच्या कपाळावर आठ्या पडल्याच होत्या, आणि त्या अगदीच अनाठायी नव्हत्या. तरीही ते खंड नसते तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं.

या चर्चगायनात मुख्य सुरावटीखाली एक किंवा अधिक गायक आधारस्वर धरून उभे असतात, आपल्या तानपुऱ्यासारखे. या आधारस्वराला ईसोन म्हणतात. तो कुठे बदलायचा, याची खूण या तिघांनीही लिहिली नाही. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागे.