उरलेले तुकडे



पाच भाकरी आणि दोन माशांचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संत योहानाच्या शुभवर्तमानात (6:12) त्यापुढे एक साधी गोष्ट आहे. सगळे पोटभर जेवल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावतो. ज्याने हजारोंना जेवू घातले, त्याला तुकड्यांची काय गरज? तरीही बारा टोपल्या भरल्या.

आपण सणाचे जेवण झाले की उरलेला भात आणि आमटी मागच्या ओहोळात ओततो. खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवर भर पावसाळ्यात कणगी रिकामी होते हे ठाऊक असूनही ओततो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अन्न टाकणे म्हणजे जणू गरिबाच्या ताटातून चोरणे, अशा अर्थाचे लिहिले आहे. चोरी हा शब्द झोंबतो. झोंबू द्या.

चांगले अन्न आधी माणसांनाच. पण खरकटे, विटलेले उरतेच, त्याचे काय? पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी त्यासाठी घरगुती बायोगॅस संयंत्र बनवले. 2006 साली त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एक दुसरीत उपडी घातलेली. सुरुवातीला शेणाचे विरजण, मग रोज थोडे खरकटे पाण्यात कालवून. खरकटे शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस देते, कारण शेणातला कस गुराने आधीच खाल्लेला असतो. आतले काही जीवाणू अन्न आंबवून आम्ले करतात, इडलीच्या पिठात होते तसेच. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवतात आणि त्यावर शेगडी पेटते. हावरेपणाने एकदम जास्त घातले, तर टाकी आंबट होते आणि ज्योत विझते. (आपल्या पोटाचेही तसेच!) बाहेर पडणारे पाणी भाजीपाल्याला खत.

पिठात लपवलेल्या खमिराचा दाखला (मत्तय 13:33) प्रभूने उगाच दिला नाही. खमीर दिसत नाही, पण काम करते.

आमच्या मते ही टाकी चर्चच्या आवारात नको. तिला रोज घास लागतो, आणि चर्चचा मोठा स्वयंपाक सणापुरताच असतो. जिथे रोज चूल पेटते आणि जिथली बाई डोक्यावरून जंगलातली मोळी आणते, त्या घरी ती आधी बसावी. अशी दोन घरे कोणती, हे आज मिस्सेनंतर थांबून ठरवू. सणाला किती पाने जेवणार, तेही आधीच विचारू.