संकल्प आणि सहल

गृहस्थाने पत्नीसह दोन दिवस घराबाहेर जावे, आणि तेही केवळ परस्परांच्या सहवासासाठी, हे धर्मास धरून आहे काय? आपल्या मंडळींत हा प्रश्न उघडपणे कोणी विचारीत नाही. कारण त्यावर आपण फार पूर्वीच एक सोयीची वाट काढून ठेविली आहे : जावयाचे ते देवदर्शनासाठी. मग वाटेत थंड हवा लागली, एखादे तळे दृष्टीस पडले, तर ती देवाचीच कृपा !

गेल्या पौषांत आम्ही उभयतां शुक्रवारी रात्री बडोद्याहून निघून अबूच्या पहाडावर गेलो. अबूला गुरुशिखर आहे. अरवलीचे ते सर्वांत उंच टोक, उंची १७२२ मीटर, आणि तेथे दत्तात्रेयांचे स्थान. तेव्हा घरी सांगणे सोपे होते. मातोश्रींनी विचारले, "कुठं निघालात?" आम्ही म्हणालो, "दत्तदर्शनास." त्या उठल्या, देवघरांतून नारळ आणला आणि अकरा रुपयांसह सुनेच्या हातीं दिला. गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला आता पायऱ्या चढवत नाहीत.

शनिवारची संध्याकाळ नखी तलावाच्या काठी गेली. देवांनी नखांनी खोदला म्हणून हे नाव, असे तेथे सांगतात. थंडी चांगलीच होती. कित्येक वर्षे दिवाणखान्यांत जे बोलतां आले नव्हते, ते तेथे बोलणे झाले. एका जुन्या गोष्टीचा पत्नीने आम्हांस जाबही विचारला, व तो आम्हांस द्यावा लागला. रविवारी देलवाड्याची जैन मंदिरे पाहिली. विमलशहाचे मंदिर १०३१ मधले, आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंचे १२३० च्या सुमाराचे. या दुसऱ्या मंदिरांत दोन कोनाडे आहेत, त्यांना लोक देराणी-जेठाणीचे म्हणजे धाकट्या-थोरल्या जावांचे कोनाडे म्हणतात. ते पाहून पत्नीस आपल्या जाऊबाईंचा एक जुना प्रसंग आठवला व आम्ही दोघेही पुष्कळ हसलो. (प्रसंग येथे सांगण्याजोगा नाही.) तासाभराचे दर्शन तीन तासांवर गेले. गाडीची वेळ झाली. गुरुशिखर राहिले.

घाट उतरतांना एका वळणावर पिशवी कलंडली आणि नारळ आमच्या पायाशी घरंगळत आला.

खरे सांगावयाचे तर पहिला विचार मनांत आला तो चांगला नव्हता. अबूरोडची रबडी प्रसिद्ध आहे. तीच प्रसाद म्हणून न्यावी आणि नारळ स्टेशनाबाहेरच्या एखाद्या देवळांत वाढवावा, म्हणजे सर्वच निभावते. वडीलधाऱ्यांचे मन राखण्यासाठी बोललेले असत्य सौम्य असते, असे आपण मानतो, आणि त्यांत काही तथ्यही आहे. मर्यादेपायी माणूस पुष्कळ गोष्टी झाकतो. परंतु येथे झाकण म्हणून आम्ही देवाचे नाव वापरले होते, आणि त्याची किंमत मोजली ती ज्यांनी श्रद्धेने नारळ दिला त्यांनी. आमच्या सुखाने कोणाचे काही नेले नव्हते. आमच्या सबबीने नेले होते.

आणि सबब हवी तरी कशाला? तीर्थयात्रेवरील धर्मनिबंधांत एक मोठा व्यवहारी नियम आहे. जो दुसऱ्याच्या वतीने जातो त्यास फळाचा सोळावा अंश. जो अन्य कामास गेला असतां प्रसंगाने तीर्थ करतो त्यास अर्धे फळ. शास्त्रकारांनी त्या दुसऱ्या माणसास हाकलून दिले नाही, किंवा यात्रेकरूचे सोंगही घ्यावयास लावले नाही. त्याच्या वाट्याचे अर्धे त्यास सरळ देऊन टाकले. आपल्या संकल्पांत तरी काय असते? देश, काल, आपले नाव-गोत्र यांचा उच्चार करून, काय करणार ते मोठ्याने बोलावयाचे. 'पत्नीसह तळ्याकाठी बसावयास जातो' एवढे बोलण्याची आम्हांस लाज वाटली. पत्नीस सहधर्मचारिणी म्हणावयाचे, आणि तिच्याशी दोन दिवस बोलणे तेवढे धर्माबाहेर ठेवावयाचे, ही आमच्या घरांतली जुनी विसंगती आहे. तिचा दोष शास्त्रावर ढकलतां येणार नाही.

सोमवारी सकाळी नारळ व अकरा रुपये मातोश्रींपुढे ठेवून झाले ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी यांच्याबरोबर नरसोबाच्या वाडीला गेले, गाणगापूरला गेले, पंढरीला दोनदा गेले. दर वेळी बरोबर बारा माणसं आणि शिध्याची पोती. बोलणं व्हायचं ते घरी आल्यावर, तेही खर्चाच्या हिशेबाचं."

नारळ त्यांनी पुन्हा देवघरांत नेऊन ठेविला. आमच्याशी त्या दिवशी त्या फारशा बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र सुनेला जवळ बसवून, तळ्याचे पाणी किती थंड होते, ते विचारीत होत्या.