रक्त, रसद आणि सत्य

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक वाद रंगला. विषय नागपूरपासून हजारो कोस दूरचा आणि आठ दशकांपूर्वीचा होता : दुसरे महायुद्ध खरे जिंकले कोणी? इतिहासाचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला, ‘रशियाने, स्वतःच्या रक्ताच्या बळावर.’ वायुदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी त्याला अडवले, ‘अमेरिकेचे ट्रक आणि धान्य वेळेवर पोहोचले नसते, तर ते रक्त वाया गेले असते.’ दोघांनाही आकडे मुखोद्गत होते. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध भगिनीने विचारले, ‘फादर, जे राज्य देवाला मानत नव्हते, चर्चला कुलूप लावत होते, त्याला मदत करणे हे पाप नव्हते काय?’ त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. म्हणून हे चार शब्द.

प्रथम दोन्ही पक्षांना त्यांचे न्याय्य माप दिले पाहिजे. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर आक्रमण केले. त्यानंतरच्या चार वर्षांत सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. लेनिनग्राडच्या वेढ्यात लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने गेले. जर्मन सैन्याची सर्वांत मोठी हानी याच आघाडीवर झाली. मॉस्कोच्या वेशीवरून शत्रू मागे हटला तो १९४१ च्या डिसेंबरात आणि स्टालिनग्राडला तो शरण आला २ फेब्रुवारी १९४३ रोजी. परदेशी मदतीचा मोठा ओघ सुरू झाला तो बव्हंशी त्यानंतर. तरुणाचे म्हणणे निराधार नव्हते.

परंतु दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ‘लेंड-लीज’ योजनेखाली अमेरिकेने सुमारे ११ अब्ज डॉलरची सामग्री रशियाला धाडली. तीत ४ लाखांहून अधिक जीप व ट्रक होते, हजारो विमाने होती, सुमारे २ हजार रेल्वे इंजिने होती. शिवाय डबाबंद मांस, बूट आणि विमानांचे इंधन होते. स्टालिनग्राडनंतर रशियन सैन्य बर्लिनपर्यंत धावले ते बऱ्याच अंशी याच चाकांवर. तेहरानच्या परिषदेत १९४३ साली खुद्द स्टालिनने या यंत्रसामग्रीचे ऋण मान्य केले होते. पुढे शीतयुद्धाच्या काळात रशियाने रसद विसरायची आणि पश्चिमेने रक्त विसरायचे, असा जणू अलिखित करारच झाला. परंतु ज्याने धान्य दिले आणि ज्याने प्राण दिले, त्यांचे हिशेब एकाच तराजूत घालता येत नाहीत.

या वादाची धग आपल्या मराठी मुलखालाही लागली होती. आक्रमणापूर्वी भारतीय कम्युनिस्टांच्या लेखी हे साम्राज्यवाद्यांचे युद्ध होते. रशिया संकटात सापडल्यावर, काही महिन्यांच्या विचारमंथनानंतर, ते ‘लोकयुद्ध’ ठरले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली. १६ तारखेला आमच्या विदर्भातील चिमूर आणि आष्टी पेटून उठली. त्या वेळी कम्युनिस्ट पक्ष या चळवळीपासून दूर राहिला. रशियाचा मित्र म्हणून इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना त्याने साथ दिली. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. वाटेगावच्या या शाहिराला व्होल्गाकाठच्या कष्टकऱ्यांचे दुःख आपले वाटले, ही भावना खोटी नव्हती. चिमूरच्या तरुणांना आपल्या देशाचे पारतंत्र्य आधी दिसले, हेही खोटे नव्हते. प्रामाणिक माणसेदेखील एकाच प्रश्नाच्या दोन तीरांवर उभी राहू शकतात, हा यातला पहिला धडा.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न १९४१ साली अमेरिकेतील कॅथलिक कुटुंबांनाही पडला होता. पोप अकरावे पायस यांनी मार्च १९३७ मध्ये निरीश्वरवादी साम्यवादाचा कठोर निषेध करून त्याच्याशी सहकार्य करण्यास मनाई केली होती. मग रशियाला शस्त्रे कशी द्यायची? अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये पोप बारावे पायस यांना पत्र लिहिले. रोमने जाहीर फर्मान काढले नाही. मात्र सिनसिनाटीचे आर्चबिशप मॅकनिकोलस यांनी आपल्या धर्मप्रांतास लिहिलेल्या पत्रात एक भेद स्पष्ट केला : साम्यवादाची साथ करणे वेगळे आणि संकटातील रशियन जनतेला साहाय्य करणे वेगळे. दुसरीकडे, हिटलरच्या स्वारीला धर्मयुद्ध म्हणून आशीर्वाद मिळावा ही काहींची अपेक्षाही पोपमहोदयांनी पुरी केली नाही.

हा भेद म्हणजे पळवाट नव्हे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला तो शिकवला गेला होता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे. तो शेजारी दारुडा आहे, बायकोमुलांना मारतो. तरीही आपण बादली घेऊन धावतो, कारण आत मुले आहेत आणि वारा आपल्या घराच्या दिशेने आहे. आपण आग विझवण्यात सहभागी होतो, त्याच्या मारहाणीत नव्हे. उद्या शुद्धीवर आल्यावर तो पुन्हा मारील, हे ठाऊक असूनही आज बादली आखडती घेता येत नाही. म्हणून त्या भगिनीला आमचे उत्तर असे की, मदत करणे हे पाप नव्हते. त्या घडीला ते कर्तव्य होते.

परंतु उत्तर येथे संपत नाही, आणि त्या रविवारी आम्ही नेमके येथेच थांबलो होतो. पुढचा अर्धा भाग शोधण्यासाठी फार दूर जायला नको; कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी जावे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. जवळजवळ सारे आपले कॅथलिक बंधुभगिनी. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. ही माणसे हिटलरच्या भीतीने आलेली नव्हती. १७ सप्टेंबर १९३९ रोजी रशियाने पूर्व पोलंड गिळंकृत केला आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलले. १९४१ च्या जुलैत पोलंड आणि रशिया मित्र झाले, तेव्हा त्यांची सुटका झाली आणि ती इराणमार्गे बाहेर पडली.

इराणच्या वाटांवर त्या वर्षांत जे चालले होते ते मनन करण्यासारखे आहे. वर जाणाऱ्या लॉऱ्यांत रशियासाठी रसद होती आणि त्या हाकणाऱ्यांत आपले भारतीय जवानही होते. सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना या कामगिरीबद्दल १९४४ साली सोव्हिएत ‘रेड स्टार’ सन्मान मिळाला. आणि त्याच मुलखातून उलट दिशेने, मशहद, झाहिदान, क्वेट्टा असा प्रवास करीत, पोलिश अनाथ मुलांच्या पहिल्या तुकड्या १९४२ साली मुंबईस पोहोचल्या. एका दिशेने मित्राला मदत जात होती. दुसऱ्या दिशेने त्याच मित्राने केलेल्या जखमा येत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

दोस्त राष्ट्रांची चूक मदत करण्यात नव्हती, ती पुढे झाली. १९४० च्या वसंतात कॅटिनच्या जंगलात आणि अन्यत्र सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले गेले होते. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी ती प्रेते उजेडात आणली. पोलिश सरकारने चौकशी मागितली, तर स्टालिनने त्याच्याशी संबंध तोडले. लंडन आणि वॉशिंग्टन यांना संशय होता. तरीही मैत्रीत बाधा नको म्हणून त्यांनी मौन धरले. पुढे याल्टाच्या करारात पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे गेला आणि वळिवड्याच्या पुष्कळ कुटुंबांना परतण्यासाठी स्वतःचे गावच उरले नाही. मॉस्कोने कॅटिनचा गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. त्या अर्ध्या शतकात कित्येक माता सत्य न ऐकताच मातीआड गेल्या.

येथे आम्हाला नाथान संदेष्ट्याचे स्मरण होते. दावीद हा इस्राएलचा विजयी राजा होता. त्याचे विजय हे देवाचेच दान होते. नाथानने ते विजय नाकारले नाहीत. परंतु उरीयाचा खून झाला होता आणि विजयाच्या नगाऱ्यात तो बुडून जाऊ देणे त्याला मान्य नव्हते. तो राजवाड्यात गेला आणि राजाच्या तोंडावर बोलला. राजाशी त्याची निष्ठा त्यामुळे कमी झाली नाही. उलट ती तेथेच कसाला लागली.

प्रिय वाचकहो, आपल्या घरांत, संस्थांत, गावच्या राजकारणातही अशा मैत्र्या कराव्या लागतात. ज्याचे सारेच आपल्याला पटत नाही त्याच्या खांद्याला खांदा लावून कधी पाणी आणावे लागते, कधी शाळा वाचवावी लागते. त्यात कमीपणा नाही. मात्र मदत घेता-देताना आपली जीभ गहाण पडत नाही ना, एवढे प्रत्येकाने प्रभूसमोर तपासावे. आम्हा धर्मगुरूंना तर हे आधी लागू आहे. उदार देणगीदाराच्या घरातील अन्यायाविषयी आमचाही आवाज कधीकधी खाली येतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या रविवारी त्या भगिनी भेटतील तेव्हा आम्ही त्यांना सांगू : बादली घेऊन धावलो ते बरोबरच केले. पण आग विझल्यावर, त्या घरातील मुलांच्या अंगावरचे वळ आपल्याला दिसले होते, हेही आपण सांगायला हवे होते.