आपला माणूस

नगरच्या भुईकोट किल्ल्यापाशी आलो की चांदबीबीची आठवण होतेच. १५९५-९६ मध्ये जिने मोगलांपासून हा किल्ला राखला, तिला १६०० साली फितुरीच्या संशयावरून स्वकीयांनीच ठार केले. चौकशी कुणी केली नाही. आम्ही मात्र याच्या उलट वागलो. माणूस आपला म्हटल्यावर चौकशीच नको म्हणालो.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. कोकणातल्या आंबेतचा एक मुसलमान महाराष्ट्राचा कारभारी झाला, याचा आम्हाला अभिमान वाटला. त्यांनी कामही केले. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळातली. आमच्या जिल्ह्यात कितीतरी विधवांच्या चुलीला तिचा आधार झाला.

पण सिमेंटच्या गोण्यांसाठीही परवाना लागे त्या दिवसांत, त्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंट मिळाल्याचे प्रकरण १९८१ मध्ये गाजले. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निकाल दिला. अंतुले पायउतार झाले. पुढच्या खटल्यात साखर कारखान्यांच्या देणग्यांचाही प्रश्न आला. कारखान्यांच्या या जिल्ह्यात सांगायला नको की तो पैसा शेवटी उसाचाच, म्हणजे शेतकऱ्याचा.

तेव्हा आम्ही म्हणालो, मुसलमान म्हणून पाडले. या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असे नाही. दुसऱ्यावर आरोप झाला की माणूस बदनाम होतो, आमच्यातल्यावर झाला की जमात. पण हे दुखणे खरे असले, म्हणून सिमेंटचा हिशेब चुकता होतो का? आणि त्यांचा मोठेपणा जमातीचा म्हणून मिरवला, तर त्यांचा दोष एकट्याचा कसा? दोन्ही एकट्याचे मानावे, तरच जमात दोन्हींतून सुटते.

सूरह निसाची शिकवण आहे की साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायावर कायम राहावे. यात आपला माणूस वगळलेला नाही. उलट त्याच्यासाठीच ही ताकीद आहे.

चौकशीविना मारणे आणि चौकशीविना माफ करणे, दोन्हींत न्याय मरतो. विधवेच्या अनुदानासाठी अंतुल्यांचे आभार मानावेत आणि सिमेंटचा जाबही विचारावा. एकाच तोंडाने दोन्ही बोलता येणे, हीच आमची कसोटी आहे.